आक्कांनी काहीही दाबलं नव्हतं

हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी मूळचा निपाणीचा, बेळगावात वेबसाइट बनवतो. शाळेत मला शिकवणाऱ्या आक्का निवृत्त झाल्या आणि तंबाखूच्या वखारीत जन्म घालवलेल्या म्हाताऱ्यांना बोलतं करून फोनवर रेकॉर्ड करू लागल्या. मराठीत, कानडीत, जशा त्या बोलतील तशा. जगभरच्या लोकांनी घडवून फुकट वाटलेली एक ओपन सोर्स प्रणाली घेऊन मी त्यांना साइट उभी करून दिली. रेकॉर्ड केलेले आवाज साइटवर टाकायला आक्का स्वतः शिकल्या. फोन भरला, तेव्हा मीच म्हणालो, "साइटवर आहे सगळं, फोनमधलं काढून टाका. बॅकअप रोज होतो."

होत नव्हता. मी तो कधी लावलाच नव्हता. अपडेट करा, अपडेट करा — प्रणाली सारखी सांगत होती. फुकटच्या कामाला कोण वेळ देतो?

एके दिवशी साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. कुणीतरी आत घुसलं होतं. साफ करताना घाईत मी आवाजांचं अख्खं फोल्डरच पुसलं. मी. माझ्या हातानं.

आक्कांचा फोन आला, आवाज दिसत न्हाईत म्हणून. तेव्हा खरं सांगायला किती शब्द लागले असते? मी विचारलं, "आक्का, काल तुम्ही काही दाबलं होतं का?"

त्या हळूच म्हणाल्या, "दाबलं असंल रं. मला काय कळतंय त्यातलं?"

मी नाही म्हणालो नाही.

मग त्या घरोघर माफी मागायला निघाल्या. पाय दुखत होते, म्हणून माझ्याच गाडीवरून. एका घरातली आई वारली होती. तिची लेक उंबऱ्यातच खाली बसली. "आईचा आवाज तेवढाच हुता की ओ आक्का." आक्का तिच्यापुढं हात जोडून उभ्या होत्या. मी? मी गाडीपाशी उभा राहून मोबाइल बघत होतो. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर आक्कांनी पुन्हा काही रेकॉर्ड केलं नाही. बऱ्याच म्हाताऱ्या आता राहिल्याही नाहीत.

गेल्या महिन्यात महिला मंडळाच्या कार्यक्रमात आक्का उठून बोलल्या. "सगळं माझ्या हातनं गेलं. ह्या पोरानं लई धडपड केली, पण माझ्या चुकीला त्यो तरी काय करणार?" बायकांनी टाळ्या वाजवल्या. आक्कांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला.

मी वाकून नमस्कार केला आणि दोन्ही घेतलं.