खालचे, तिसरा ठोका चुकला!

कुणाच्याही घरात शिरताना बाई चपला काढत आणि आधी उजवी टाच फरशीवर आपटून बघत. आपण कलिंगड वाजवून घेतो ना, तसं. मग निकाल लागे, "पोकळ आहे." यजमानांचे चेहरे बघण्यासारखे होत. नवा फ्लॅट, नवा संगमरवर, आणि ही बाई म्हणते पोकळ!

आमची ओळख मात्र फरशीच्या दुसऱ्या बाजूने झाली. दिल्लीच्या करोल बागेतला गोंगाट सोडून मी फरीदाबादच्या नव्याकोऱ्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आलो. शांतता हवी होती हो! सामान लावून पहिला चहा घेऊन बसतो तोच डोक्यावर धडाधड. वर बाईंचा कथकचा क्लास. तेरा मुली, सव्वीस पाय, घुंगरं किती ते देव जाणे. माझा पंखा डुलू लागला. मी जळमटं काढायचा लांब झाडू उचलला आणि छताला तीन ठोके दिले.

वर शांत! मी विजयी मुद्रेने चहा उचलला. तेवढ्यात दार वाजलं. दारात पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या, घामाघूम बाई.

"खालचे तुम्हीच ना?"

"हो, आणि मला जरा—"

"तिसरा ठोका उशिरा पडला. बाकी हात बरा आहे."

आणि गेल्या की वर! त्या दिवसापासून मी 'खालचे' झालो. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही.

सातव्या वर्षापासून नाचलेली बाई. तरुणपणी सरकारी पथकातून देशोदेशी जाऊन आलेली. आता नवा जमाना आला होता. परदेशी गाड्या, परदेशी पेयं आणि घाईतले आईबाप. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मुलीचा तिच्या मावशीच्या लग्नाआधी तीन महिन्यांचा कोर्स होईल?"

"तीन महिन्यांत मी तिला उभं राहायला शिकवीन."

"उभी तर ती राहतेच की!"

"असं तुम्हाला वाटतं."

एकदा एका मोटारींच्या शोरूमचं उद्घाटन होतं. मोटारीभोवती मुली नाचवायच्या होत्या. बाईंनी आत शिरून टाच मारली, टाइल तडकली. "पोकळ आहे," म्हणाल्या आणि मुलींना घेऊन परत आल्या.

पण एका रविवारी छताचा पोपडा थेट माझ्या आमटीत पडला आणि माझं डोकं फिरलं. मी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. सेक्रेटरी वाटच बघत होता. बैठक बोलावली. माझी साक्ष झाली की क्लास बंद. बाईंना दुसरी जागा नव्हती आणि या मुलींना दिल्लीपर्यंत कोण नेणार? बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. आयुष्यात प्रथमच त्यांची टाच गप्प होती.

"बताइए साहब, ऊपर से क्या तकलीफ है?" सेक्रेटरीने विचारलं.

मी भाषण पाठ करून गेलो होतो. उभा राहिलो, घसा खाकरला आणि, मंडळी, तोंडातून भलतंच आलं. "तकलीफ ये है कि खिडकी के पासवाली लडकी हर चक्कर के बाद देर से आती है."

बाई ताडकन उठल्या. "बघा! मी सांगते तर हिची आई म्हणते, माझी बेबी चुकतच नाही!"

आई तिथेच बसलेली. "चुकतच नाही ती! तुमचे खालचे बहिरे आहेत!"

"बहिरे? अहो, बहिरे असते तर त्यांनी तक्रार केली असती का?"

त्या भांडणात बैठक कधी मोडली, कुणालाच कळलं नाही. क्लास राहिला. दुसऱ्या दिवशी बाई आमटीचं पातेलं घेऊन आल्या. झाकण घट्ट लावलेलं. "झाकण ठेवूनच जेवत जा," म्हणाल्या. पायरीवर एकदा थांबल्या. मग नुसतीच टाच वाजवली.

बाई जाऊन आता चार वर्षं झाली. वर एक तरुण जोडपं राहतं. फार सज्जन. घरभर जाड गालिचा. माझा पंखा अगदी सरळ फिरतो.

परवा संध्याकाळी पाच वाजता, क्लासच्या वेळेला, मी लांब झाडू काढला आणि छताला तीन ठोके दिले. तिसरा अगदी वेळेवर.

वरचा मुलगा धावत खाली आला. "सॉरी अंकल, हमारी आवाज आ रही है क्या?"

"नहीं बेटा," मी म्हणालो, "वही तो."