भामाबायचं आवतण

पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात भामाबायला ओळखत नाही असं घर नाही. सकाळी ती बाजारात निवट्या आणि खेकडे विकते. लगीनसराई आली की ती धवलारीण होते. मांडव उभा राहिला की देवांना एकेकाच्या नावाने गाऊन आवतण द्यायचं, हे धवलारणीचं काम. त्यानंतरच हळद लागते. भटजी उशिरा आला तर वाडा सांभाळून घेतो, पण आवतणाची ही गाणी, हे धवले झाले नाहीत तर लग्न लागलं असं कुणी म्हणत नाही. भामा हे सासूकडून शिकली, त्याला बेचाळीस वर्षं झाली. एकही ओळ कुठे लिहिलेली नाही आणि एकही ती विसरलेली नाही.

दुपारी नात रेवा कॉलेजातून आली की दोघी जेवता जेवता मोबाइलवर कोरियन मालिका बघतात, हिंदीत बोलणारी. त्यात एक देवदूत पाववाल्या मुलीच्या प्रेमात पडला आहे. माणसाला हात लावायचा नाही असा वरचा नियम. लावला की त्याच्या पंखातलं एक पीस गळतं. वर पांढऱ्या कोटातला मोठा देवदूत बसलेला असतो आणि जाडजूड पुस्तकातून दर भागात नियम वाचतो. भामाला हिंदी अर्धीच कळते, पण हा गृहस्थ तिला पहिल्या दिवशीच पुरता कळला.

“ह्यो देवाला कदी भेटलाय का?” तिने विचारलं.

देव अजून दाखवलाच नाही, बारा भाग झाले, असं रेवाने सांगितलं.

“मंग ह्योच बोलतो नुसता,” म्हणत भामाने बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

त्याच आठवड्यात भावना आणि प्रितेशचं लग्न अडलं. भावना दवाखान्यात नर्स, प्रितेश न्हावा शेव्याला क्रेन चालवतो. साखरपुडा झाला होता, दोन्ही घरं खूश होती. लग्नाआधी ज्या झाडाची डहाळी पुजतात ते कुळाचं देवक. एका देवकाच्या माणसांना भाऊबहीण मानतात. हल्ली आडनावं वेगळी दिसली की देवक विचारायचं राहूनच जातं. तसं इथेही राहिलं. पण या वेळी दोन्ही घरांनी मिळून एकच हॉल घेतला, सामानाची यादी एकत्र केली, आणि यादीत कळंबाची डहाळी दोनदा आली. सात पिढ्यांत नातं सापडलं नाही, तरी गावकी लग्न नको म्हणाली. मुलं ऐकेनात, तेव्हा गावकीचा म्होरक्या काशिराम भामाकडे आला.

काशिराम तसा वाईट माणूस नव्हे. त्याने आधी रेवाच्या परीक्षेची चौकशी केली, चहा घेतला, मग सांगितलं की भामाबाय गेली नाही म्हणजे सगळं आपोआप थांबेल. अशा मांडवात देव येत नाहीत. आणि ती गेलीच, तर वाड्यात पुन्हा तिला कुणी बोलावणार नाही.

 बाजारात भामा वीस जणींतली एक. मांडवात मात्र नवरीचा बापसुद्धा तिच्यासाठी उठून उभा राहतो. ते गेलं तर तिच्याकडे काय उरणार? रेवा बोलायला पुढे झाली, पण भामाने तिला नजरेनेच थांबवलं.

“काशिरामदादा, दोनी घरची डहाळी कोन बगतं?”

“तू.”

“मी एकटीच. नवऱ्याकडचे नवरीचा मांडव बगत नाय, नवरीकडचे नवऱ्याचा. बेचाळीस वर्सात तीनदा दोनी घरी एकच डहाळी दिसली मला. तीनदा गायले.”

काशिरामचा कप हातातच राहिला. कुणाची लग्नं, असं त्याने विचारलं.

“ते नाय सांगनार. नांदतायत सगळी. तवा मी भिऊन गप रायले, दादा. आता भिऊन गप बसनार नाय.”

काशिरामच्या तिन्ही मुलांची लग्नं भामाच्याच धवल्यांवर लागली होती. त्याने कप खाली ठेवला. गावकीचं म्हणणं बदलणार नाही, एवढं तो दारातून म्हणाला.

“देवांना आवतण मी देते, गावकी नाय देत,” भामा म्हणाली. “येयाचं का नाय ते त्यांचं ते बगतील.”

लग्नाला हॉल अर्धा रिकामा होता. मागून ओळ धरणाऱ्या बायका घरीच राहिल्या. भामाने कळंबाच्या दोन्ही डहाळ्या शेजारी शेजारी रोवल्या आणि एकवीरेपासून सुरुवात केली. रेवाला शब्द येत नव्हते. ती प्रत्येक ओळीचं शेवटचं टोक तेवढं पकडत होती, तेही अर्धं चुकीचं. खंडोबाचं नाव झालं, गावदेवीचं झालं. तेवढ्यात मागे दुसरा आवाज लागला. काशिरामची बायको दमयंती आली होती, एकटीच. भामाने वळून पाहिलं नाही. तिने पट्टी थोडी चढवली आणि पुढच्या देवाला हाक घातली.

त्या हंगामात दोन घरांनी धवलारीण उरणहून आणली. का म्हणून विचारायला भामा गेली नाही. तिसऱ्या घरचं बोलावणं आलं, तेव्हा तिने फक्त नवरा-नवरीची नावं विचारली, देवक नाही.