स्लॅब झाडायच्या आधी

बाईंनी आम्हाला नाचून कधी दाखवलं नाही. चंद्रपुरात आज नाच शिकवणाऱ्या ज्या ज्या मुली मला ठाऊक आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणी बाईंच्या हाताखालून गेलेल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी एकीनेही बाईंना नाचताना पाहिलेलं नाही. हे बाहेरच्या कुणाला सांगितलं की ते हसतात. मग तुम्ही शिकलात कशा, असं विचारतात.

मी गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातली. घरी धान आणि थोडी कपाशी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. चंद्रपुरात मुलींच्या वसतिगृहात राहायला आले तेव्हा माझ्या खोलीतली मुलगी पहाटे उठून कुठेतरी जायची आणि ऊन चढायच्या आत काळेकुट्ट पाय घेऊन परत यायची. मी विचारलं तर म्हणाली, "नाचाले जातो. तू येते का?" मी गावातल्या वरातीतसुद्धा कडेला उभी राहणारी. नाचाचं मला काही नव्हतं, पण त्या पायांचं नवल वाटलं, म्हणून गेले.

क्लास चाचांच्या स्लॅबवर चालायचा. आमच्याकडे गच्चीला स्लॅबच म्हणतात. चाचा शिंपी होते. आमच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, गावोगाव नाटकं लागतात. त्या नाटकांचे कपडे चाचा शिवायचे, आणि बाई त्या नाटकांत नाचायच्या. एका गावी स्टेजच्या दोन फळ्यांमधल्या फटीत त्यांचा पाय गेला आणि उजवा गुडघा कायमचा बिघडला. "माहा गुडघा अजून त्याच गावात आहे," बाई म्हणायच्या, "मी तेवढी निघून आलो." नाटकातलं काम सुटल्यावर चाचांनी त्यांना सकाळपुरती स्लॅब दिली, आणि तिथे त्यांनी मुली जमवल्या.

चंद्रपुरात रात्रभर कोळशाची बारीक धूळ पडते. रात्री कपडे बाहेर वाळत घालू नयेत, हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं. सकाळी स्लॅबवर काजळासारखा पातळ थर असायचा. चाचींना तो डोळ्यांसमोर नको असे. त्या झाडू घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि बाई त्यांना रोज अडवायच्या.

"नाचून होऊ द्या, मंग झाडा."

"बाई, तुमची पोरी जाती ना, मेरे पूरे आंगन में काले पाय उमटते."

"मंग पोरीले पाय धुवाले लावा."

त्यावरून, मी जायला लागल्यावर थोड्याच दिवसांत, चाचींनी जिन्याखाली पाण्याची एक बादली ठेवली. उतरताना पाय धुतल्याशिवाय कुणी चप्पल घालायची नाही, हा त्यांचा नियम.

बाई धूळ का झाडू देत नाहीत ते मला पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी आम्हा प्रत्येकीला स्लॅबचा एकेक तुकडा दिला. गाणं लावलं. आम्ही नाचलो. गाणं संपल्याबरोबर सगळ्यांनी कठड्याला जाऊन उभं राहायचं. मग उलट्या घातलेल्या एका डब्यावर बसलेल्या बाई काठी टेकत उठायच्या आणि आमच्या पायांच्या खुणा वाचत फिरायच्या. आम्ही नाचत होतो तेव्हा त्यांनी आमच्याकडे धड पाहिलेलंही नसायचं.

"हे कोनाचं हाय? टाच घासून राह्यली. झोप झाली नाई का?"

"हे इथी थांबली. विसरली ना? आन् मंग हसली असन."

माझ्या तुकड्यापाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी रडायच्या बेतात आले होते.

"तू रोवणीले जाते का व?"

मी हो म्हटलं. दर पावसाळ्यात आईबरोबर धान रोवायला बांधीत उतरायचेच.

"तरीच. चिखलातून पाय उपसून राह्यली तू. इथी कुठी चिखल हाय?" सगळ्या हसल्या. पुढे निघता निघता बाई म्हणाल्या, "पण सोडू नको ते. त्यात जोर हाय."

त्या दिवशी माझे पाय पहिल्यांदा कुणी पाहिले, असं मला वाटलं. गावात आमचे पाय कामाला लागायचे, त्यांच्याकडे पाहायला सवड कुणाला होती.

पुढे चारेक वर्षं मी त्या स्लॅबवर गेले. सिनेमातली गाणी, गॅदरिंगचे नाच, लोकनृत्य, सगळं व्हायचं. धानोऱ्याकडची एक गोंड मुलगी आली तेव्हा बाईंनी तिला त्यांचा रेला नाच शिकवायला सांगितलं आणि स्वतः तिला शाळकरी मुलीसारखे प्रश्न विचारले. हात कुठे धरायचा, गाणं कोण उचलतं, कुठल्या दिवसांत नाचतात. त्या दिवशी सगळा वेळ ती मुलगीच आमची बाई होती.

आज आमच्यातली एक माजरीच्या कॉलनीत क्लास घेते. एक मोहर्लीकडच्या रिसॉर्टात पर्यटकांसमोरचे नाच बसवते. माझ्या खोलीतल्या मुलीने शहरात मोठ्या रस्त्यावर आरशांचा हॉल काढला आहे. लग्नाच्या संगीतापासून शाळांच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे यांच्याच ओळखी. कुठल्याही कार्यक्रमात आमच्यातली एखादी चटकन ओळखू येते, कारण मुलं नाचत असताना ती खाली जमिनीकडे पाहत असते. "तुमची मॅडम पोरांचं तोंड तं पाहत नाई," असं पालक म्हणतात. त्या आरशांच्या हॉलमध्ये बाईंना एकदा मानाने नेलं होतं, खुर्ची दिली होती. बाई तासभर बसल्या. फरशी लख्ख पुसलेली. निघताना एवढंच बोलल्या, "चांगलं हाय. पण इथी पोरी सोताकडंच पाहून राह्यल्या."

पण ही फार पुढची गोष्ट. तेव्हा आमची एकच ओढ होती. बाईंना एकदा नाचताना पाहायचं.

आम्ही मागे लागायचो. "बाई, एकदा तरी दाखवा ना."

"मी दाखवलं तं तुम्ही माह्यासारख्याच नाचसान. मंग तुमचं काय राह्यलं?"

"थोडंसं, बाई."

"माहा नाच पाहाचा होता तं पयले याले पाह्यजे होतं. तवा कुठी होत्या?"

"तवा जलमलो नव्हतो."

"मंग तुम्हीच उशीर केला."

असं हसण्यावारी जायचं. बाईंच्या पायात कायम स्पंजच्या चपला असत. स्लॅबवर आमच्या उघड्या पायांच्या खुणा आणि त्यांच्यामधून फिरलेल्या बाईंच्या चपलांच्या आडव्या रेघा, असं रोजचं चित्र. बाईंचं पाऊल कसं आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी माझे बाबा तांदळाचं पोतं घेऊन चंद्रपूरला आले. मी नाच शिकते हे घरी सांगितलेलं होतं, कुणाकडे ते सांगितलं नव्हतं. बाई नाटकात होत्या हे कळल्यावर दोन मुलींना घरच्यांनी काढून घेतलं होतं, त्यामुळे मी घाबरले होते. बाबा चाचांच्या दुकानासमोर मला घ्यायला आले आणि बाई जिना उतरत होत्या. एकेक पायरी, काठी आधी आणि पाय मागून. बाबा पाहतच राहिले. बाई निघून गेल्यावर म्हणाले, "हे बाई नाटकात होती ना?"

मी मान हलवली. आता गावी चल म्हणतात की काय, असं मनात आलं.

आम्ही बस स्टँडपर्यंत चालत गेलो. मग टपरीवर चहा घेताना बाबा आपणहून बोलायला लागले. "तुह्या जलमाआधीची गोष्ट. आमच्या मंडईत आली होती. हे नाचे तं मंडपात कोनी बिडी पेटवत नसे. गिरकी घेता घेता मधीच थांबे, एकदम. दोन्ही पाय जुळवून. आपल्याले वाटे, आता पडते. पडे नाई." ते कपातल्या चहाकडे पाहत होते. "तिच्याकडं शिकून राह्यली का तू? बरं हाय. शिक मंग."

बाबांबद्दल मला त्या दिवशी फार कृतज्ञता वाटली, आणि थोडी असूयाही. त्यांनी जे पाहिलं होतं ते मला कधीच दिसणार नव्हतं. त्यानंतर मी रोज बाईंच्या काठीकडे पाहायचे आणि ती गिरकी मनात उभी करायचा प्रयत्न करायचे. जमायचं नाही. माझ्या मनातली बाई प्रत्येक वेळी पडायची.

माझं शेवटचं वर्ष होतं तेव्हा चाचांच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलं. घर खाली दोन खोल्यांचं. वर खोली बांधल्याशिवाय नवरा-नवरीने राहायचं कुठे? चाची बाईंशी बोलायला स्लॅबवर आल्या. हातात त्या दिवशी झाडू नव्हता.

"बाई, रूम नाई बांधली तर लडका किराये से जाएगा. मला चांगलं नाई वाटून राह्यलं, पण काय करू?"

"बांधा ना. त्याले का जिन्यावर झोपवता?" बाई हसल्या. चाचीही डोळे पुसत हसल्या. मग बाईंनी गाणं लावायला सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांनी कुणाच्या खुणा वाचल्या नाहीत. नुसत्या डब्यावर बसून राहिल्या.

दुसरी जागा आम्ही शोधली. समाजमंदिर मिळत होतं, एका शाळेचा व्हरांडा मिळत होता. बाईंनी सगळ्याला चांगलं म्हटलं आणि तिथे क्लास आमच्यातल्या मोठ्या मुलींनी घ्यावा, असं ठरवून टाकलं. त्या स्वतः वडसाकडे भावाच्या गावी जाणार होत्या. आम्ही खूप विनवलं. "गुडघ्याले आता जिना पुरे झाला," एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटच्या सकाळी थंडी होती. आम्ही सगळ्या ठरवून एकत्र गेलो. जिन्याखाली चाचींची बादली भरलेली होती, पण पाणी काळं झालेलं. आमच्यापैकी कुणी अजून वर गेलेलं नव्हतं. माझ्या खोलीतली मुलगी थांबली, तिने माझ्याकडे पाहिलं. आम्ही वर गेलो.

बाई नेहमीसारख्या डब्यावर बसल्या होत्या, शाल गुंडाळून, पायात चपला. स्लॅबवर मात्र पावलं होती. चपलांच्या जाण्यायेण्याच्या रेघा जिन्यापासून कठड्यालगतच्या डब्यापर्यंत होत्या आणि तिथे संपल्या होत्या. तिथून पुढे उघडे पाय.

आम्ही कठड्याला लागून उभ्या राहिलो. बाईंनी आम्हाला जे शिकवलं होतं ते आम्ही करू लागलो. वाचू लागलो. पावलं लहान होती, बोटं पसरलेली. सगळा भार डाव्या पायावर. उजव्याचा नुसता चवडा टेकलेला, कुठे कुठे तर फक्त अंगठा. आधी जपून टाकलेली जवळजवळची पावलं, मग हळूहळू त्यांच्यातलं अंतर वाढलेलं. कोपऱ्यांना वळताना कुठे घाई नव्हती. सबंध स्लॅबवर एकही टाच घासलेली नव्हती.

मधोमध धूळ गोल फाटली होती. गिरकी. गोल अर्ध्यावर तुटला होता आणि त्या जागी दोन पावलं जुळलेली होती. त्यांच्या शेजारी पाच बोटांसकट हाताचा पंजा उमटला होता.

बाबा म्हणाले होते, पडे नाई.

मग मला पलीकडचा दुसरा गोल दिसला. तोही तसाच मध्येच तुटलेला. दोन पावलं जुळलेली, ठळक आणि स्वच्छ. आजूबाजूला काही नव्हतं. हात नाही, काठीचं टोक नाही. मी दोनदा पाहिलं.

आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने डोळे पुसले आणि तिच्या गालावर काळं लागलं.

"उभ्या काऊन राह्यल्या?" बाई म्हणाल्या. "लावा गाणं."

"बाई, यावर नाही नाचत आम्ही," मी म्हटलं.

"मंग कुठी नाचता? हवेत?"

आम्ही नाचलो. पहिलं पाऊल टाकताना प्रत्येकीने खाली पाहून जागा शोधली, पण दहा-बारा जणी नाचल्यावर शोधून काय होणार? गाणं संपलं तेव्हा बाईंच्या पावलांतलं एकही उरलं नव्हतं. बाई काठी टेकत उठल्या आणि रोजच्यासारख्या आमच्या खुणा वाचत फिरल्या. माझ्यापाशी थांबल्या. "चिखल सुटला नाई तुहा," म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

चाची झाडू घेऊन वर आल्या तेव्हा बाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला. "आज मी झाडतो," म्हणाल्या. आम्ही खाली उतरलो, बादलीशी रांग लावली. वरून झाडूचा आवाज येत होता, थांबत थांबत.

आता मी गडचिरोलीच्या बाजूला एका शाळेत शिकवते. इथली हवा स्वच्छ आहे. सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवला तर काहीच उमटत नाही. मुलं नाचली आणि गाणं संपलं की मी सवयीने खाली पाहते. कोरी फरशी दिसते. अशा वेळी चंद्रपूरच्या त्या धुळीची मला इतकी आठवण येते की कुणाला सांगायची सोय नाही; लोक तोंडाला रुमाल बांधून ज्या धुळीला शिव्या देतात, तिची.

स्लॅब सुटली त्या वर्षी होळीला मी गावी गेले होते. बाबा अंगणात दोर वळत बसले होते. बाईंचा क्लास बंद झाल्याचं मी सांगितलं.

"मंग नाचताना पाह्यलं का तिले?"

मी थोडा विचार केला. "पाह्यलं."

"थांबे तसं थांबली?"

"हो."

"पडली तं नाई?"

"नाई," मी म्हटलं.