चाईवरचा काळा रंग

माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरचे केस जाऊन रुपयाएवढी चाई पडली आणि आमची रोह्याची आळी एका दिवसात डॉक्टर झाली. सासूबाईंनी लसूण ठेचून चोळला. शेजारणीने कांदा सुचवला. धाटावला शिफ्टला जाणाऱ्या एकाने तिथल्या केमिकल कंपनीच्या वासावर खापर फोडलं. त्याच वासात त्याच्या स्वतःच्या डोक्यावर रान माजलंय, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. "पोरीची जात, लग्नाचं कसं व्हायचं गो?" हे विचारायला बाया वाट वाकडी करून यायच्या. आठ वर्षांच्या पोरीचं लग्न! मला या माणसांची किळस यायची.

पेणच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, हे कुणाला लागत नाही, शरीरच स्वतःच्या केसांवर उलटतं. त्यांनी लावायला औषध दिलं. "महिने लागतील. दुसरं काहीही लावायचं नाही." तीन महिन्यांनी पांढुरकी लव आली. मुलगी दिवसातून दहादा माझं बोट धरून त्यावर फिरवायची.

अशात भाच्याची हळद आली. माझं माहेर जोह्याचं, घरचा गणपतींचा कारखाना. तिथे जमलेल्या सगळ्यांना चाईचा खुलासा करायचा, याचीच मी धास्ती घेतली. वहिनी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते, तिच्यासारखा हात गावात नाही. मीच तिला म्हटलं, एवढं झाकून दे.

"व्हय, कुनाला कळनार पन नाय," ती म्हणाली आणि मूर्तींच्या काळ्या रंगात तिने ब्रश बुडवला.

खरंच कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कातडी लाल झाली, फोड आले. रंग सोडवताना लव गेली. औषध काही आठवडे बंद ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. सासूबाई अडाणी खऱ्या, पण त्यांचा लसूण केस यावेत म्हणून होता. मी रंग लावला तो ज्यांना कवडीची किंमत देत नव्हते त्यांच्या भीतीने.

औषध पुन्हा सुरू आहे. परवा नागोठण्याला एका बारशाला निघताना मी तिच्या डोक्याला बांधायला कपाटातून गुपचूप स्कार्फ काढला. मुलीने तो माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली आणि मलाच परत दिला.

"तुला लाज वाटते ना आई? मग तू बांध."