मोतीलालला मागून टोकू नये

मोतीलाल खांद्यावर जाळं टाकून तलावाकडे निघाला, की त्याला मागून हाक मारायची नाही, हे सानगडीच्या ढिवर मासेमारांच्या मोहल्ल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मारलीच कुणी, तर मोतीलाल जागीच थांबे आणि वळे. हाक मारणारा जणू बाभळीचं झाड आहे अशा थाटात त्याच्या बाजूनं घरी परत जाई, उंबरठ्यावर बसे, लोटाभर पाणी पिई, थोडा वेळ काढी आणि पुन्हा नव्यानं निघे. टोकलेल्या पायानं पाण्यात उतरलं तर जाळं रिकामं येतं, हा त्याच्या बापाचा नेम होता, आजाचाही होता. मोतीलालनं तो पुढं चालवताना त्यात आपल्या पदरची थोडी भर घातली होती.

टोकणं म्हणजे नेमकं काय, याचा त्यानं बारीक विचार केला होता. माणसाची हाक धरायची. शिंक धरायची. मोटारसायकलचा हॉर्नही धरायचा. कोंबड्याचं आरवणं सोडून द्यायचं, कारण कोंबडा कुणा एकाला उद्देशून बोलत नाही. कुत्र्याच्या भुंकण्यावर मात्र नवरा-बायकोत बरेच दिवस वाद चालला. शेवटी बायकोनं, म्हणजे जमुनाबाईनं, निकाल दिला. "मोकाट कुत्रं भुंकलं त सोडून द्या जी. पट्ट्यातलं भुंकलं त धरा. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाले माणूस राहाते ना." नेमाच्या बाबतीत जमुनाबाई नवऱ्याहून कडक होती. बाजारात मासोळी घेऊन तीच बसायची, तेव्हा रिकाम्या टोपलीचं दुःख तिला जास्त.

जुन्या लोकांनी या सगळ्याशी जुळवून घेतलं होतं. तलावाची पाळ अरुंद. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उतार आणि खाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. पुढं मोतीलालची पाठ दिसली की मागचा माणूस आपोआप पावलं हळू करी. फारच घाई असली तर उतारानं खाली जाई, दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून पळत पुढं निघे, पुन्हा पाळीवर चढे आणि समोरून येऊन धापा टाकत म्हणे, "राम राम, मोतीलालभाऊ." समोरून काय वाटेल ते बोलावं. समोरून शिव्या घातल्या तरी मासोळीचं काही बिघडत नसे.

मग ग्रामपंचायतीनं पाळीवर सिमेंटचे गट्टू बसवले, बाकडी टाकली, आणि ज्यांना आयुष्यात कधी पायी चालायची गरज पडली नव्हती त्यांना पहाटे उठून चालायचा नाद लागला.

त्यातला एक भूपेंद्र. त्याचं बसस्टँडजवळ सिमेंट-लोखंडाचं दुकान. शुगर निघाली म्हणून डॉक्टरनं घाम गाळायला सांगितलं, तर यानं गिअरची सायकल आणली, डोक्याला हेल्मेट आणलं आणि मोबाइलवर बघून सायकलवाल्यानं वागायचं कसं तेही शिकून घेतलं. पायी चालणाऱ्याला दचकवू नये. लांबूनच घंटी वाजवावी. कोणत्या बाजूनं येतोय ते गोड आवाजात सांगावं आणि पुढं गेल्यावर आभार मानावेत. भूपेंद्र उद्धट असता तर मोतीलालचं काम सोपं होतं, चार शब्द सुनावून मोकळा झाला असता. पण तो सज्जन होता, आणि सज्जन माणसाच्या तावडीतून सुटणं महाकठीण.

दुसरे मधुकरराव, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांच्या मुलानं नागपूरहून एक लॅब्रेडॉर पाठवला होता. त्याचं नाव बादशाह. मधुकरराव बादशाहला फिरवतात असा त्यांचा समज होता. खरं म्हणजे बादशाह मोतीलालच्या पिशवीच्या वासामागं चाले आणि मधुकरराव पट्ट्याला धरून त्याच्यामागं फरफटत जात. बादशाह कधी भुंकत मात्र नसे. पाळीवरच्या नव्या मंडळींत रीत कळणारा तोच एक, असं मोतीलालचं मत होतं.

दिवाळी सरली आणि मोतीलालची नीतू माहेरी आली. तिचं सासर शहापूरला. सातवा महिना लागला होता, चार दिवस आईजवळ राहावं म्हणून आलेली, रविवारी जावई अमर न्यायला येणार होता. आल्या आल्या ती बापाला म्हणाली, "बाबा, मले मरळ खावाशी वाटून राहिली. आपल्या तलावातली. तिकडं बाजारात भेटते, पण तिले चवच नाही."

"येवढंच ना?" मोतीलाल म्हणाला. पोटुशी पोरगी आपण होऊन काही मागते, आणि मागते तेही आपल्याच हातचं, याचा त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यानं जाळं दोनदा तपासलं.

मरळ पकडायची तर पहाटेच जावं लागतं. उजाडता उजाडता ती काठच्या कमळाच्या पानांखाली येते, वर तोंड काढून श्वास घेते. सूर्य वर आला, माणसांची ये-जा सुरू झाली, की गाळात जाऊन बसते आणि मग देव आला तरी बाहेर निघत नाही. म्हणजे वेळेत पोचणं आलं, आणि वेळेत पोचायचं तर परत फिरणं परवडणार नव्हतं.

पहिल्या दिवशी मोतीलाल पाळीच्या मध्यावर होता तेव्हा मागून घंटी किणकिणली. "काका, उजवीकडून येऊन राहिलो जी." मोतीलाल थांबला, वळला, घरी गेला. पाणी पिऊन पुन्हा तलावावर पोचेपर्यंत ऊन पडलं होतं. जाळ्यात आले ते झिंगे, आणि तेही मूठभर.

भूपेंद्रला वाटलं, म्हातारा दचकला. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी लांबून घंटी वाजवली, दोनदा वाजवली, आणि आवाज आणखी गोड केला. मोतीलाल आणखी लवकर घरी पोचला. मधुकरराव कडेला उभे राहून हे बघत होते. अशा वाटेवर चालणाऱ्यानं डावी बाजू धरावी आणि मधूनच उलटं वळू नये, असं त्यांनी बादशाहला समजावून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भूपेंद्रनं कमाल केली. म्हाताऱ्याला सायकलचीच भीती वाटत असावी असं मनाशी धरून तो खाली उतरला, हेल्मेट काढलं, पायी पायी मागून आला आणि काळजीनं म्हणाला, "काका, बरं हाय ना? कुठं चालले?"

निघालेल्या माणसाला कुठं चालले असं विचारणं हे टोकण्यातलं सगळ्यात वाईट टोकणं. मोतीलालनं डोळे मिटले. आत जे काय उसळलं ते गिळलं आणि घरचा रस्ता धरला.

आता कुणी म्हणेल, एकदा तोंडानं सांगून टाकायचं. पण मोतीलालचंही डोकं तिरपागडं होतं. मासोळीवर निघालेल्याला टोकू नये हे आईच्या दुधाबरोबर माणसाच्या पोटात जातं, ते या वयात दुकानदाराला शिकवत बसायचं, याचीच त्याला लाज वाटे. शिवाय पाळ आपली, तलाव आपला, आणि वाट मागायची आपणच, हेही त्याला बोचत होतं. तेव्हा तो घुम्यासारखा गप्प राही आणि घरी येऊन जमुनाबाईवर डाफरे.

नीतूनं पुन्हा मरळीचं नाव काढलं नाही. झिंग्यांची चटणी चाटूनपुसून खाल्ली आणि छान झाली म्हणाली. ती मागत राहिली असती तर बरं, तिच्या त्या समजूतदारपणानं मोतीलालला भाकर गोड लागेना. पोरगी परवा जाणार आणि तिच्या एका मासोळीची सोय बापाच्यानं होत नाही, हे त्याला सहन होत नव्हतं.

शनिवारी पहाटे उंबरठ्यावर बसल्या बसल्या त्याला युक्ती सुचली. "काय वं," तो जमुनाबाईला म्हणाला, "माहं तोंडच मागच्या आंगाले असन, त मले मागून कोण टोकन?"

जमुनाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि नेमाच्या सगळ्या बाजू तपासल्या. "चालते," ती म्हणाली. "पण पडू नका म्हणजे झालं."

असा मोतीलाल खांद्यावर जाळं घेऊन, गावाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी पाळीवरून तलावाकडे निघाला. धुकं होतं. थोड्याच वेळात समोर मधुकरराव आणि बादशाह दिसले. मोतीलालनं आपण होऊन राम राम घातला. मधुकररावांनी त्याच्या पायांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. उलटं चालल्यानं गुडघे सुधारतात हे त्यांना मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं, पण पहिला नंबर लावायची हिंमत होत नव्हती.

"गुडघ्यासाठी ना, मोतीलाल?"

"होय जी," मोतीलाल म्हणाला. खरं सांगायला वेळ लागला असता.

मधुकररावांनी लगेच पाठ फिरवली आणि तेही उलटे चालू लागले. दोन कर्त्या माणसांची ही वरात पाळीवरून निघाली. कुठं चाललोय ते त्यात फक्त बादशाहला दिसत होतं.

इकडे भूपेंद्रला रात्रभर रुखरुख लागली होती. आपल्यामुळं काकांचं फिरणं मोडतं, तेव्हा आज मागून जायचंच नाही, असं त्यानं ठरवलं. तो अंधारातच निघाला, शेतरस्त्यानं तलावाला वळसा घातला आणि पलीकडच्या टोकानं पाळीवर चढला, म्हणजे काका समोरून भेटतील. धुक्यातून दोन आकृत्या येताना दिसल्या. दोन्ही पाठमोऱ्या, आणि तरी जवळ जवळ येत असलेल्या.  भूपेंद्रला काहीच सुचेना तेव्हा जे शिकला होता तेच त्यानं केलं. लांबूनच घंटी वाजवली.

घंटी मोतीलालच्या पाठीवर येऊन आदळली. तो खिळल्यासारखा उभा राहिला. उलटे येणारे मधुकरराव त्याच्यावर धडकले, बादशाह भलतीकडे धावला, पट्टा पाळीवर आडवा ताणला गेला, आणि कुत्र्याला वाचवायला म्हणून सज्जन भूपेंद्रनं हँडल वळवलं ते थेट तलावात. कंबरभर पाण्यात, कमळाच्या पानांत, सायकलसकट.

पानं हलली. गाळ वर आला. आणि पानांखालून निघून एक रेघ सरसर मोकळ्या पाण्याकडे जाताना मोतीलालला दिसली. मरळ कशी पळते हे त्याला सांगावं लागत नव्हतं. टोकलं होतं, आता परतायचं, घरी जाऊन पाणी प्यायचं, हे सगळं त्याला आठवलंही. पण तोवर जाळं खांद्यावरून सुटलं होतं आणि भूपेंद्रच्या डोक्यावरून जाऊन पाण्यावर गोल पसरलं होतं.

"सॉरी काका," भूपेंद्र पाण्यातून हात पुढं करत म्हणाला. "तुमाले लागलं नाही ना?"

"थांब जरा," मोतीलाल म्हणाला आणि आधी जाळं ओढलं. हातभर लांब, काळीभोर मरळ. ती पिशवीत घालून तोंड बांधल्यावर त्यानं भूपेंद्रला वर घेतलं. मग, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, त्याला सांगितलं, "बाबू, मासोळीवर चाललेल्या माणसाले मागून टोकत नसतात."

भूपेंद्र निथळत उभा होता. "मंग हे आधी काहून नाही सांगितलं जी?"

मोतीलालनं जाळं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि घरची वाट धरली.

घरी त्यानं पिशवी जमुनाबाईच्या हातात दिली. "टोकलं त नाही ना कोणी?" तिनं विचारलंच. "उलटाच गेलो ना," मोतीलाल म्हणाला आणि हात-पाय धुवायला निघून गेला. खोटं काही बोललो नाही, एवढंच त्यानं स्वतःला समजावलं.

दुपारी नीतू भात आणि मरळीचा रस्सा घेऊन बसली. तिनं दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच दारात भूपेंद्र उभा. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. चूक केली तर घरी जाऊन माफी मागावी, हीसुद्धा त्याची रीत. त्यानं जमुनाबाईला हात जोडले. "काकू, माफ करा. तीन दिवस मी काकाले मागून टोकलं. आज बी जाळं टाकाच्या आधी मागूनच घंटी मारली."

जमुनाबाईचा पळा हातातच राहिला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा आढ्याकडे बघत होता. "टोकलेली मासोळी," ती सावकाश म्हणाली, "पोटुशी पोरीच्या ताटात?" आणि ताट उचलायला वाकली.

नीतूनं डाव्या हातानं ताट धरून ठेवलं. "आई, थांब. बाबा चालले कुठं होते?"

"तलावावर."

"मंग घंटी तलावाकडून आली. बाबा जिकडं चालले होते तिकडून. तोंड कोणत्याही आंगाले असो, वाट त समोरच होती ना? मंग समोरून आली. समोरून आलेली धरत नाहीत."

जमुनाबाई विचारात पडली. तिनं वाट मनात मांडून बघितली, नवऱ्याला तिच्यावर उलटा उभा केला, भूपेंद्रला पलीकडून आणला. मग ताट सोडलं. "असन," ती म्हणाली. "वाटेचंच धरा लागन." भूपेंद्र मासोळी खात नव्हता, म्हणून त्याला चहा मिळाला. उद्यापासून काकांची पाठ दिसली की आपण सायकल हातात धरून मुकाट्यानं मागं चालू, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. जमुनाबाई त्याला आंगणापर्यंत सोडायला गेली.

नीतू हळूच म्हणाली, "बाबा, मी आपली आईची समजूत काढली. खरं सांगा, तुमाले घंटी कोणीकडून आली?"

"पाठीवर आली. मागूनच."

"तुमी त तीन दिवस तेवढ्यासाठी घरी आले. मंग आज जाळं काहून टाकलं?"

मरळीला काटे तसे थोडेच असतात. तरी मोतीलाल लेकीच्या ताटातला तुकडा हातात घेऊन काटे शोधत बसला होता. तिच्याकडे न बघताच त्यानं तो तुकडा तिच्या भातावर ठेवला.

"उद्या तू जाऊन राहिली," तो म्हणाला.

नीतूनं तुकडा तोंडात घातला आणि ताटातला दुसरा बापाच्या हातात ठेवला, काटे शोधायला.