अधिकाऱ्यातला ऱ्या

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत जुलेखा लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. एक खोली, एक संगणक, एक प्रिंटर. तिचे वडील हाशमचाचा याच खोलीत शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. दोरा तुटतोय म्हणून कुणी आलं, की पाना हातात घेण्याआधी विचारायचे, काल काय शिवलं? जुलेखा बारावीनंतर संगणक स्वतःच शिकली. मीही कायदा स्वतःच वाचून शिकलेला माणूस, म्हणून आमचं जमतं. माझी निवेदनं मी तिच्याच मशीनवर टाइप करतो.

त्या मंगळवारी गेलो तर मीच पाठवलेली चंद्रव्वा पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेली. तिची नात ऋतुजा, तिचा सरकारी वसतिगृहाचा अर्ज, आणि मुदत पाचची. जागा मिळाली तर पोरगी सोलापुरात अकरावी करणार. नाही तर परत अक्कलकोटच्या पुढं गावी, तिथं कॉलेजच नाही. घड्याळात सव्वातीन.

आणि ब्राउझर उघडेना. टिचकी मारली की पांढरी खिडकी यायची आणि मिटायची. दुसरा एक ब्राउझर होता, पण त्यात वसतिगृहाची साइट फोटो घेत नव्हती.

मला लगेच वास आला. शेवटच्याच दिवशी? म्हातारीच्याच अर्जाला? साइटवाल्यांनीच काहीतरी केलंय, मी म्हणालो. जुलेखा म्हणाली, साइटीपर्यंत आपण पोचलोच न्हाय, ब्राउझर त्याच्या आधीच मरतोय.

मग उरला सिदू. पलीकडच्या गल्लीत त्याचंही अर्जांचंच दुकान. गेल्या आठवड्यात तो पेनड्राइव्ह घेऊन हिच्याकडं प्रिंट काढायला आला होता. घरचा प्रिंटर असताना? मी तडक गेलो आणि भरल्या दुकानात त्याला विचारलं, पेनड्राइव्हमधनं काय सोडलंस. माझी शाई संपलेली, तो बोलला. वर म्हणाला, तुमचं काम आता हितं होणार न्हाय, तुमच्या माणसांचंबी न्हाय. म्हणजे चंद्रव्वाची तीही वाट मी बंद करून आलो. तेव्हा मात्र मला तो पुरावाच वाटला.

परत येईपर्यंत जुलेखानं मशीन बंद-चालू करून पाहिलं होतं. व्हायरसची तपासणी नुकतीच संपली होती, सापडलं काहीच नव्हतं. सव्वाचार. मी सिदूविरुद्ध तक्रार लिहायला कागद मागितला.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "काल सकाळी चालत होतं की. दुपारी मी जेवायला गेले, तवा हितं कोण बसलंवतं?"

मी बसलो होतो.

तिनं कळफलकावरची शिफ्ट दाबून धरली आणि ब्राउझरवर टिचकी मारली. जोडलेली एक्स्टेन्शनं बंद ठेवून उघडू का, असं त्यानं विचारलं. तिनं हो म्हटलं, आणि खिडकी आली ती टिकली. मग तिनं एक्स्टेन्शनांची यादी काढली. चार तिच्या ओळखीची. पाचवं मराठी टायपिंगचं, तारीख कालची.

खरं तेच लिहितो. 'अधिकाऱ्यांना' लिहिताना मला तो ऱ्या येत नव्हता. रेफ वर चढायचा आणि 'अधिकार्यांना' व्हायचं. असा कागद टेबलावर गेला की साहेब मागणी वाचत नाही, माझी शाळा किती झाली ते मोजतो. जुलेखाला विचारायचं तर कमीपणा. म्हणून कुठल्याशा साइटीवरनं फुकटचं काहीतरी घेतलं, ते जे जे विचारत गेलं त्याला हो म्हणत गेलो. ऱ्या मिळाला, चुकलेले प्रिंट तिथंच टोपलीत टाकून मी खूश होऊन घरी गेलो.

जुलेखानं ते काढून टाकलं. ब्राउझर नीट उघडला. फोटो चढला, दाखले चढले. पावती निघाली तेव्हा पाचाला चौदा मिनिटं कमी होती. चंद्रव्वानं नातीच्या नावावर बोट ठेवलं, कागद पिशवीत घातला आणि विचारलं, मशीन कुणी बिघडवलंवतं?

जुलेखा प्रिंटरचं झाकण पुसत राहिली.

"मी, अव्वा," मी म्हणालो.

"मग त्या सिदूला का बोलून आला?"

मी उठलो. उद्या सकाळी जातो म्हणालो, आता त्याच्याकडं गर्दी असेल.

"गर्दी हाय तवरच जावा," जुलेखा म्हणाली. मी चपला घालत असताना तिनं मागनं सांगितलं, "आन शिफ्ट दाबून जे, मग पाय मोडायचा, मग य. ऱ्या हितंच हाय, भाऊ."