काटा बंद पाडला तो मीच

श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात मी नेटवर्क सांभाळायचो. ऑफिसपासून वजनकाट्यापर्यंत एकच केबल गेलेली, तिला आम्ही ट्रंक म्हणायचो. काट्याचं, हजेरीचं, कॅमेऱ्यांचं ट्रॅफिक तिच्यातूनच जायचं. एकाचं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून प्रत्येकाला एक व्हीलॅन नंबर, आणि कोणते नंबर जाऊ द्यायचे त्याची यादी दोन्ही टोकांच्या स्विचमध्ये, म्हणजे केबली जोडणाऱ्या डब्यांमध्ये.

त्या दुपारी नव्या कॅमेऱ्यांचा नंबर यादीत घालायचा होता. दोन मिनिटांचं काम, म्हणून ऑफिसात बसूनच काट्यावरच्या स्विचला कमांड दिली. त्यात 'ॲड' हा शब्द घालायचा राहिला. तो नसला की स्विच जुनी यादी पुसतो आणि नवा नंबर तेवढा ठेवतो. एंटर दाबलं आणि माझा स्क्रीन गोठला. काट्याचा संपर्क तुटला होता, आणि मीही त्याच केबलमधून आत शिरलेलो, त्यामुळे बसल्या जागी निस्तरायची सोय उरली नव्हती.

मोटारसायकल दामटत काट्यावर पोचलो. उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली आणि ट्रॅक्टरवाल्यांनी काटेवाल्या काकांना घेरलेलं. आमच्याकडे काटा अडला की संशय एकच: मागची कुणाची तरी गाडी पुढे काढायची असणार.

"कुनाची गाडी घुसवायची हाय, सांग की!" एकाने काकांची कॉलर धरली.

"न्हाई रे बाबांनो, मशीनच बंद पडलंय."

काकांनी उभ्या नोकरीत कुणाचा नंबर मोडला नव्हता. हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी काट्याच्या खोलीत घुसलो. बदल सेव्ह करायच्या आधीच संपर्क तुटलेला, म्हणजे स्विच बंद करून चालू केला तर जुनी यादी परत यायला हवी. प्लग उपसला, पुन्हा खुपसला. आता तीन-चार मिनिटं थांबणं आलं. बाहेर काकांचा आवाज चिरकत चालला होता. दारात जाऊन 'चूक माझी आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी स्विचचे दिवे बघत आतच थांबलो. मार बसेल याची भीती वाटली, दुसरं काही नाही.

काटा सुरू झाला. गर्दी पांगली.

"साहेब आल्यावर बरा चालू झाला!" म्हणत एक जण काकांकडे बघून थुंकला.

काकांनी सदऱ्याचं तुटलेलं बटण खिशात टाकलं आणि थर्मासमधला आपला चहा माझ्यापुढे केला. "तुमी आलात म्हनून अब्रू वाचली माजी."

मी तो चहा प्यालो. काका निवृत्त होईपर्यंत ट्रॅक्टरवाले त्यांना गाड्या घुसवणारा म्हणत राहिले, आणि मी रोज सकाळी त्यांना नमस्कार करत राहिलो.